फाटकाबाहेरची तांबडी माती

काय काम करतेस, असं कुणी विचारलं तर मी सांगते, शिक्षकांना शाळेबाहेर काढते. शाळेभोवती जे असतं, ओढा, बांध, गोठा, पडकी भिंत, ते मुलांना बघू द्यायचं, त्यांना प्रश्न पडू द्यायचे आणि त्या प्रश्नांच्या मागं मागं जाऊन विज्ञान शिकवायचं, असं आमचं प्रशिक्षण. पुस्तिका कन्नडमध्ये येते. मराठी शाळांसाठी मी ती मराठीत करून घेते आणि बेळगावहून सकाळची बस पकडून संकेश्वर, निपाणी, खानापूर अशी फिरत असते.

एका वर्षी दिवाळीनंतर निपाणीत वर्ग लागला. शिक्षक येऊन बसत होते, चहा फिरत होता, आणि दारातून एक बाई आत आल्या. पांढरे केस घट्ट विंचरलेले, फिकट निळी सुती साडी, खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली. चालण्यावरूनच मी ओळखलं. चौथीत मला शिकवलं होतं त्या बाई. आता त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी खडू तसाच हातात घेऊन गेले आणि त्यांच्या पाया पडले.

"अगंबाई, तू होय गं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे आता मी तुझ्याकडं शिकायचं?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग माझ्या बोटांकडं बघून म्हणाल्या, "हात पूस आधी."

मी लगेच हात पुसले, चौथीतल्यासारखे. मी तिसरीत असताना माझी आई गेली होती. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला, उजाडायच्या आत घर सोडायचे. माझे केस विंचरायला घरी कुणी नव्हतं. चौथीत गेल्यावर ते बाईंनी सुरू केलं. शाळा भरायच्या आधी व्हरांड्यात मला पुढ्यात बसवून, आपल्या पर्समधली फणी काढून त्या माझ्या दोन वेण्या घालायच्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, शाळेत हजेरी असते तसंच हेही असतं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना हॉलमागच्या भिंतीकडं नेलं. शेवाळ कुठल्या बाजूला जास्त आहे, मुंग्या कुठून निघून कुठं जातात, एवढंच बघायचं होतं. शिक्षक आधी अवघडले, मग उकिडवे बसले, मग आपसात वाद घालायला लागले. बाई मात्र हॉलमध्येच बसून राहिल्या. मला वाटलं गुडघे दुखत असतील. दुसऱ्या दिवशी मी लिंबाच्या सावलीत खुर्ची नेऊन ठेवली. तरी नाहीच.

"तू शिकव गं. मला हितनं दिसतंय सगळं."

हॉलमध्ये जे जे करायचं होतं त्यात त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. मुलं कसे प्रश्न विचारतील हे त्या असं बोलून दाखवायच्या, की समोर खरोखर तिसरीतलं पोर उभं आहे असं वाटावं. पण बाहेर जायची वेळ आली की पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. मला जरा लागलं. वाटलं, आपल्याच विद्यार्थिनीमागून चालणं त्यांना जड जात असेल.

प्रशिक्षणानंतर आम्ही शाळांना भेटी देतो. बाईंची शाळा माझ्या गावाच्या शेजारच्या गावात होती. आमच्या गावचा ओढाच पुढं त्या गावाला लागून जातो. छोटी शाळा, फरशीची जमीन, समोर नळ, नळाभोवती काळ्या चिकट चिखलाची खाच. तो सगळा भागच काळ्या मातीचा. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल मागं राहते.

मी पोचले तेव्हा वर्ग खिडकीपाशी गोळा झाला होता. खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशीची घरं होती. बारीक कमरेची ती माशी मातीच्या गोळ्या आणून नळकांडीसारखी घरं बांधते, सगळ्यांनी बघितलेली असते. एक मुलगी स्टुलावर चढून घराला नाक लावून बघत होती.

"बाई ओ, हे घर तांबडं हाय. आन् ह्यो पट्टा तेवढा काळा."

"मग?"

"मग आपल्याकडं तांबडी माती कुठं हाय? समदी काळीच की."

बाई पुढं झाल्या, चष्मा वर करून बघितलं. "व्हय की गं. ही तर आमच्या खानापूरकडची माती दिसतीया."

"खानापूरला जाती व्हय ती?" एकजण ओरडला आणि वर्गभर हशा पिकला.

"मला ठाऊक न्हाय," बाई म्हणाल्या. "चला, शोधूया."

हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून निघावं म्हणून मी दिवसच्या दिवस घालवते. बाई ते पाणी मागावं इतक्या सहज बोलल्या. मुलं अंगणात पांगली. नळाजवळ बघितलं, झेंड्याच्या कट्ट्याभोवती बघितलं, संडासामागं, बागेच्या वाफ्यात. तांबडी माती कुठंच नव्हती. एका मुलानं उडणाऱ्या माशीवर नजर ठेवली आणि तिच्यामागं धावत सुटला. ती कुंपणावरून पलीकडं गेली.

"बाई, ती वढ्याकडं गेली! तितं रस्त्याच्या मोरीचं काम चाललंय, तांबडा मुरूम टाकलाय तितं! चला की ओ!"

सगळा वर्ग फाटकाशी जाऊन थांबला. कडी बाईंच्या हाताशीच होती. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "आज नको. आत चला, चित्र काढा घराचं."

मुलं नाराज होऊन गेली. मी काही बोलणार होते, पण बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला बघितला आणि थांबले.

"तुला वढा आठवतो का गं?" त्यांनी विचारलं.

आठवतो म्हणजे काय. माझ्या लहानपणातला तो सगळ्यात चांगला दिवस आहे, असं मी कित्येकांना सांगितलंय. बाईंनी चौथीचा वर्ग ओढ्यावर नेला होता. दगड उचलला की खाली खेकडा. पाण्यावर उभे राहणारे किडे. मी एका किड्यामागं वाकले, शेवाळावरून पाय सरकला आणि पाण्यात गेले. डोक्यावरून पाणी गेलं आणि सगळं हिरवं दिसलं, मग कुणीतरी वर ओढलं. बाई साडीसकट पाण्यात उतरल्या होत्या. त्यांनी मला उराशी धरलं, पदरानं डोकं पुसलं. माझ्या मुठीत चुरगळलेला तो किडा होता. पुढं विज्ञान शिकले, या कामात आले, त्याची सुरुवात मी त्या दिवसात शोधते.

मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. बाई ऐकत होत्या.

"तुझी मूठ उघडीच होती," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या हातात आधी तुझा हात आला आणि सुटला. मग दुसऱ्यांदा धरला. त्या मधल्या वेळात काय झालं माझं, कुणाला सांगता येत न्हाय. तुला किडा आठवतोय, ते बरंय. मला सुटलेला हात आठवतो."

बाईंनी कडीवरचा हात काढून घेतला.

"दुसऱ्या दिवशी तुझे आप्पा शाळेत आलते. सगळ्या वर्गापुढं बोलले मला. तू ताप येऊन घरी निजलीवतीस. माझी नवी नोकरी, खानापूरकडनं एकटी आलेली पोर मी. हेडमास्तर म्हणाले, ह्याच्यापुढं पोरं फाटकाबाहेर गेली तर तुम्ही घरी जायचं. त्यांनी न्हाय सांगितलं असतं तरी मी गेले नसते. एवढी वर्षं नोकरी केली, कंदी एक वर्ग भाईर नेला न्हाय. तू निपाणीत म्हणालीस चला बाहेर, आणि माझं पाऊलच उठंना. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गेले असते बघ. तू म्हणालीस म्हणून उठंना."

आप्पा शाळेत गेले होते हे मला ठाऊकच नव्हतं. मला आठवत होतं ते एवढंच, की ताप उतरून मी शाळेत परत गेले त्या सकाळी बाईंनी नेहमीसारखं मला पुढ्यात बसवलं आणि वेण्या घातल्या होत्या. आप्पा इतकं बोलून गेल्यावर.

त्या रात्री मी बेळगावला परतले नाही. शेजारच्याच गावी आप्पांकडं मुक्कामाला गेले. आप्पा आता थकलेत. काठी घेऊन देवळापर्यंत जातात, चुलतभावाच्या घरून त्यांना डबा येतो. जेवताना मी विषय काढला. त्यांचा घास हातातच राहिला.

"व्हय. गेलतो," ते म्हणाले. "लई बोललो. काय काय बोललो ते आता सांगू नये."

"का, आप्पा?"

"तुझी आई जाऊन वरीस झालं नव्हतं. वखारीत कुणीतरी येऊन सांगितलं, पोरगी वढ्यात पडली. वाचली, हे त्यानं मागनं सांगितलं. तवर मी..." ते पाणी प्यायले.

"माझ्या वेण्या कोण घालायचं ठाऊक हाय तुम्हाला?"

"शेजारची घालत हुती की."

"न्हाय. बाई घालायच्या. रोज. तुम्ही बोलून आलात त्याच्यानंतरसुद्धा."

आप्पांनी ताट बाजूला सारलं. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "पोरांस्नी काय बगायचंय म्हणालीस वढ्याला?"

"कुंभारमाशी माती कुठनं नेती ते."

"मग बाईंस्नी सांग, मी येतो सोबतीला."

बाईंना मी फोनवर हे सांगितलं. नंतरच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, मी सकाळी एकटीच जाऊन ओढा बघून आले. पाणी कुठं घोट्याएवढं आहे आणि कुठं डोह आहे, ते बघितलं. पालकांना बोलावून सगळं सांगितलं. दोन आया सोबत यायला तयार आहेत. मी विचारलं, "बाई, भीती गेली?"

"गेली कुठली गं? बरोबर घेऊन जायची."

ठरल्या दिवशी मी शाळेत पोचले तर आप्पा माझ्या आधी वडापच्या जीपनं येऊन कट्ट्यावर बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी आणि मांडीवर बैलाच्या कासऱ्याचं वेटोळं. तो कुणाच्या गोठ्यातून आणला होता कोण जाणे. बाई वर्गातून बाहेर आल्या आणि त्यांना बघून उभ्या राहिल्या. आप्पांनी उठायचा प्रयत्न केला, काठी घसरली. बाईंनीच पुढं होऊन त्यांना हात दिला.

"बाई, मी ह्या पोरीचा बा."

"ओळखलं, आप्पा."

"त्या टायमाला मी..."

"पोरगी हाय न्हवं समोर," बाई म्हणाल्या. "चांगली मोठी झालीया. आता आम्हालाच शिकवती."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टोपी काढून त्यांनी तिनंच डोळे पुसले. "तिच्या डोसक्याला तेल कोण लावतंय, एवढंबी मी कंदी इचारलं न्हाय, बाई," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातातला कासरा घेतला आणि मुलांना हाक मारली. दोघं त्या दिवशी याहून जास्त काही बोलले असतील तर ते मी ऐकलेलं नाही.

फाटकाची कडी बाईंनी काढली. आम्ही जोड्याजोड्यांनी निघालो, पुढं बाई, मध्ये दोन आया, शेवटी मी आणि आप्पा. आप्पांच्या चालीनं चालायचं म्हणजे आम्ही सारखे मागं पडत होतो. ओढ्याशी पोचल्यावर आप्पांनी आयांना हाताशी धरून डोहाच्या अलीकडच्या करंजाच्या झाडाला कासऱ्याचं एक टोक बांधलं, दुसरं मोरीच्या कठड्याला. "ह्या दोरीच्या पलीकडं कुणी गेला तर माझ्याशी गाठ हाय," असं त्यांनी मुलांना बजावलं आणि स्वतः दोरीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मोरीच्या कडेला तांबड्या मुरमाचा ढीग होता, त्याचा पाय ओढ्याच्या पाण्यानं भिजलेला. मुलं पालथी पडून वाट बघत होती. बराच वेळ काहीच आलं नाही. दोन मुलं कंटाळून चिखलात भोकं पाडायला लागली. मग एक माशी आली, ओल्या मातीवर उतरली, डोकं खाली घालून गुणगुण करत मातीची गोळी करू लागली.

"गप, गप! गाणं म्हणतीया!"

"तोंडात धरली बघ गोळी!"

"चालली! शाळंकडं चालली!"

बाईही मुलांच्यात पालथ्या पडल्या होत्या. निळ्या साडीवर तांबडा मुरूम. त्या उठल्या तेव्हा पहिल्यांदा दोरीकडं, मग मुलांकडं बघून एकेकाला मोजून घेतलं, पुन्हा मोजलं, मग हसल्या. ते हसू मी व्हरांड्यात बघितलेलं होतं, वेणी मनासारखी झाली की यायचं तसं.

परतताना मुलांनी पुढचा प्रश्न काढलाच. शाळेत नळापाशी काळा चिखल आयता असताना माशी इतक्या लांब का जाते? बाईंनी दोन्ही मातींच्या गोळ्या करून भिंतीला चिकटवायला सांगितल्या. काही दिवसांत काळी गोळी वाळून चिरली आणि गळून पडली, तांबडी टिकली. मुलं खूश झाली. पण तो काळा पट्टा? त्याच माशीनं तो का घातला? यावर वर्गात भांडणं झाली. कुणी म्हणालं, पाऊस असल आला. कुणी म्हणालं, दमली असल. बाईंनी मला फोन केला, "सांग की गं." मलाही सांगता आलं नाही. अजून येत नाही.

निवृत्त होईपर्यंत बाई दर पंधरवड्याला ओढ्यावर वर्ग नेत राहिल्या. आप्पा जमेल तितके दिवस जात होते. पाय पार थकल्यावर घरी बसून मुलांनी काय बघितलं ते मला विचारायला लागले. फोनवर आम्ही पूर्वी तब्येत आणि पावसापलीकडं फारसं बोलत नव्हतो. आता खेकड्यांवर बोलतो. बाई आता लेकाकडं बेळगावात असतात, काकतीच्या रस्त्याला. सणासुदीला मी जाते. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि केस किती गळालेत म्हणून रागावतात.

प्रशिक्षणात मी एक बदल केलाय. पूर्वी पहिल्या सकाळी मी निसर्ग, कुतूहल असलं खूप बोलायचे आणि लगेच सगळ्यांना बाहेर काढायचे. आता आधी खुर्च्या गोल मांडते आणि विचारते, मुलांना बाहेर न्यायची तुम्हाला कशाची भीती वाटते? एखादी नवी टीचर म्हणते, मला उत्तर आलं नाही तर? कुणी साप म्हणतं, कुणी साहेब. मी घाई करत नाही, सगळ्यांचं ऐकून घेते.

मागच्या वर्गात लोंढ्याकडच्या जंगलातल्या शाळेचे एक सर शेवटपर्यंत गप्प होते. आग्रह केल्यावर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं शाळेमागं गवे येत्यात." हॉल हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, मागं एकदा मुलं व्हरांड्यात असताना आला होता. मग हसणं थांबलं. कुणी विचारलं, कुठल्या वेळेला येतो? कुणी म्हणालं, शेण कसलं असतं, ताजं कसं ओळखायचं? सरांनी फळ्यावर शाळा काढली, मागची झाडी काढली, पाणवठा काढला आणि एकेक सांगायला लागले. सगळे शिक्षक खुर्च्या ओढून फळ्याजवळ गेले. जेवण निवत चाललं होतं, तरी कुणी उठेना.